युरोपात खरा पब कसा शोधायचा: घरच्या तयारीपासून बिलापर्यंत

युरोपला जाऊन आलेल्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. मुख्य चौकातला पब होता, रेटिंगही भरपूर होतं. पण आत सगळे आपल्यासारखेच पर्यटक, बिअर महाग, आणि अर्धा तास बसलो तरी ऑर्डर घ्यायला कुणी फिरकलं नाही. यातली शेवटची गोष्ट लंडनमध्ये घडली असेल तर त्यात पबचा दोष नाही, कारण तिथे ऑर्डर घ्यायला सहसा कुणी येतच नसतं. बाकीच्या गोष्टी टाळता येतात, मात्र त्यासाठी त्या संध्याकाळी नव्हे, घरी असतानाच कामाला लागावं लागतं.

टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक लोक दुसरा टप्पा, म्हणजे वेळ, वगळतात आणि उरलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

## १. आधी प्रकार ठरवा, पत्ता नंतर

'प्रागमधले सर्वोत्तम बार' असं शोधलं की सगळीकडे तीच आठ-दहा नावं येतात आणि त्या आठ-दहा ठिकाणी सगळं जग येऊन बसलेलं असतं. उलट सुरुवात करा. प्रत्येक शहराचा पिण्याच्या जागेचा स्वतःचा एक प्रकार असतो. तो ओळखा आणि मग त्या प्रकारातली जागा शोधा.

लंडनमध्ये लाकडी कप्पे आणि नक्षीदार काचा असलेले व्हिक्टोरियन पब. डब्लिनमध्ये 'स्नग' असलेले पब, म्हणजे आत दार लावून चार-पाच जणांना बसता येईल अशी चिमुकली खोली. ॲमस्टरडॅममध्ये ब्राउन कॅफे, म्हणजे जुने, काळपट लाकडाचे पब. कलोनमध्ये ब्राउहाउस, म्हणजे स्वतःची बिअर पाजणारे पब, म्युनिकमध्ये उघड्यावरचे बिअरगार्डन, व्हिएन्नात द्राक्षमळेवाल्यांचे, त्यांची स्वतःची वाइन देणारे हॉयरिगर. प्रागमध्ये होस्पोदा, म्हणजे साधा चेक पब. व्हेनिसमध्ये उभ्याने वाइन पिण्याचे बाकारो, स्पेनच्या सान सेबास्तियनमध्ये पिंचोचे, म्हणजे घासभर पदार्थांचे बार. बुडापेस्टमध्ये पडक्या वाड्यांतले रुइन बार. त्यांतल्या प्रसिद्ध सिम्प्ला केर्तमध्ये रात्री पाय ठेवायला जागा नसते, पण रविवारी सकाळी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि तेव्हा जागा नीट बघता येते.

एका शहरात एकच प्रकार घ्या. व्हिएन्नात जाऊन आयरिश पब शोधू नका. तो सापडेल, पण तो पुण्यातही सापडतो.

यादी कुठून मिळवायची? ब्रिटनसाठी उत्तम सोय आहे. 'कॅम्रा' ही बिअरप्रेमी ग्राहकांची संघटना १९७१ पासून काम करते आहे आणि जुनी अंतर्रचना टिकून असलेल्या पबची यादी ती स्वतः ठेवते. यादी चवीची नाही, वास्तूची आहे, म्हणून ती जास्त भरवशाची. लंडनमधल्या होबर्नचा 'प्रिन्सेस लुईझ' अशा याद्यांतला: १८९१ ची सजावट, काचेच्या पडद्यांनी पाडलेले कप्पे, मधोमध बार. तिथल्याच सदर्कचा 'जॉर्ज इन' तर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचा आहे. इतर देशांत मुक्कामाच्या हॉटेलात विचारा, पण प्रश्न नीट विचारा. 'चांगला बार कुठे आहे' असं विचारलं तर रिसेप्शनवाला पर्यटकांचंच ठिकाण सांगणार. 'तुम्ही ड्युटी संपल्यावर कुठे जाता' असं विचारा.

तपासा: प्रत्येक शहरासाठी नकाशावर तीन-चारच खुणा असाव्यात आणि त्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर असाव्यात. पहिली जागा भरलेली किंवा बंद निघाली तर दुसरी हाताशी हवी.

## २. वेळ पक्की करा

तोच पब शनिवारी रात्री नऊ वाजता आणि मंगळवारी संध्याकाळी साडेचार वाजता ही दोन वेगळी ठिकाणं असतात. शनिवारी गर्दी दिसते, मंगळवारी पब दिसतो. बारमागच्या माणसाला बोलायला सवड असते, कोपऱ्यातली जागा मिळते, भिंतीवरचं काही वाचता येतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तीन ते पाच हा माझ्या मते सोन्याचा वेळ. लंडनच्या 'सिटी' भागात गुरुवारी साडेपाचनंतर ऑफिसवाल्यांचा लोंढा फुटपाथवर येतो. त्याच भागातले कित्येक पब शनिवार-रविवारी बंद असतात, कारण गिऱ्हाईकच नसतं.

इतर ठिकाणी गणित वेगळं. प्रागचा 'उ झ्लातेहो तिग्रा', जिथे १९९४ मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी बिल क्लिंटन यांना नेलं होतं, दुपारी तीनला उघडतो. त्याआधीच दारात रांग लागते. संध्याकाळी सातला गेलात तर नेहमीचे लोक आपापल्या जागी बसलेले असतात आणि वेटर नुसती मान हलवतो. व्हेनिसला रिआल्तो बाजाराजवळचे बाकारो सकाळपासून चालू असतात आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेला आवरतात, म्हणून तिथे अकरा ते एक किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला जा. स्पेनमध्ये मात्र रात्री साडेआठच्या आधी गेलात तर बार रिकामा मिळेल आणि तुम्हाला वाटेल जागा वाईट आहे.

व्हिएन्नाचे कित्येक हॉयरिगर वर्षभर उघडे नसतात. मळेवाल्यांची पाळी ठरलेली असते. उघडे असले की दारावर पाइनची डहाळी टांगतात. डहाळी नसेल तर परत फिरा. ग्रिन्त्सिंग भागातले हॉयरिगर पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी आहेत, ट्रामने शहराच्या कडेच्या श्टामर्सडॉर्फला जा.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: बहुतेक टूरमध्ये रात्रीचं जेवण भारतीय रेस्टॉरंटमध्ये लवकर उरकलेलं असतं, आणि मग सगळे एकदम 'चला पबमध्ये' म्हणून निघतात. बाराजणांचा घोळका कुठल्याही छोट्या पबचं रूप एका मिनिटात बदलून टाकतो आणि जागाही मिळत नाही. मोकळ्या दुपारी तीन-चार जणांचे गट करून निघा.

इशारा: साप्ताहिक सुट्टी बघायला विसरू नका. जर्मनी-ऑस्ट्रियात दारावर 'रूऽटाग' अशी पाटी दिसली तर तो सुट्टीचा वार. मुलं बरोबर असतील तर आयर्लंडमध्ये त्यांना रात्री नऊपर्यंतच थांबता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत.

## ३. दाराबाहेर दोन मिनिटं थांबा

आत शिरण्याआधी बघण्यासारख्या खुणा थोड्याच आहेत, पण त्या सहसा फसवत नाहीत.

पदार्थांचे रंगीत फोटो असलेला मेनू, सहा भाषांत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला: पुढे चला. दारात माणूस उभा राहून बोलावतोय: पुढे चला. डब्लिनच्या टेंपल बार भागात संगीत दुपारपासून स्पीकरवर रस्त्यावर येतंय: पुढे चला, आणि नदी ओलांडून स्मिथफील्डच्या 'कॉबलस्टोन'मध्ये जा, तिथे वादक कोपऱ्यात गोल बसून एकमेकांसाठी वाजवतात.

चांगल्या खुणा उलट्या असतात. खिडकीतून आत एकटाच बसलेला, पेपर वाचणारा म्हातारा दिसला तर बिनधास्त शिरा. त्या दिवसाचे पदार्थ खडूने, घाईघाईच्या अक्षरात लिहिलेले असणं चांगलं. ब्रिटनमध्ये पाटीवर 'फ्री हाउस' असेल तर तो पब एकाच ब्रुअरीशी बांधलेला नाही, म्हणजे बिअरची निवड जास्त. पण हे शब्द मोठ्या साखळीवालेही लावतात, तेव्हा एवढ्यावर जाऊ नका. पलीकडच्या गल्लीतल्या पबचा मेनू शब्दशः हाच असेल तर ती साखळी.

जुनं साल पाटीवर असलं म्हणून भाळू नका. प्रागचा 'उ फ्लेकू' १४९९ चं साल लावतो आणि तिथली काळी बिअर खरोखर चांगली आहे, पण तिथे वेटर न मागता बेखेरोव्का या वनौषधींच्या दारूचे छोटे ग्लास समोर आणून ठेवतात. ते फुकट नसतात. उचलण्याआधी 'नको' म्हणा.

तपासा: बर्लिनच्या छोट्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये अजून सिगारेटला परवानगी असू शकते. धूर सोसत नसेल तर दार उघडून आधी वास घ्या.

## ४. बसण्याआधी विचारा

आत गेल्यावर रिकामी खुर्ची दिसली की आपण बसतो. इथेच पहिला गोंधळ होतो.

जर्मनीत एखाद्या टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी असते. ते टेबल रोजच्या मंडळींचं. बार रिकामा असला तरी तिथे बसायचं नाही. बाकीच्या लांब टेबलांवर अनोळखी लोकांबरोबर बसणं अगदी रीतीचं आहे. फक्त बोटाने खुर्ची दाखवून, मान तिरकी करून विचारायचं. प्रागमध्येही तसंच: 'ये तु वोल्नो?' (इथे जागा रिकामी आहे का?) एवढं म्हटलं की काम होतं. पाटीवर नाव आणि वेळ असेल तर टेबल राखीव आहे. पण तुम्ही चारला गेलात आणि पाटी सहाची असेल तर विचारून बघा, दोन तास मिळू शकतात.

म्युनिकच्या बिअरगार्डनमध्ये टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलांवर वेटर येतो. उघड्या लाकडी टेबलांवर बसलात तर बिअर काउंटरवरून स्वतः आणायची, आणि खाणं घरून आणलं तरी चालतं. ही पद्धत तिथलीच आहे, चोरून करायची गोष्ट नाही. थेपले आणि लसणाची चटणी घेऊन बसलेलं कुटुंब तिथे मुळीच विचित्र दिसत नाही, कारण शेजारच्या टेबलावर म्युनिककर डब्यातून मुळा आणि चीज काढत असतात. पेय मात्र तिथूनच विकत घ्यायचं. मोठ्या मगासाठी अनामत घेतात. तो परत देताना अनामतीचे पैसे मागून घ्या.

इटलीत आणि पॅरिसमध्ये बसण्यालाच किंमत असते. काउंटरवर उभं राहून जे पेय एका भावात मिळतं, तेच टेबलावर महाग आणि बाहेरच्या खुर्च्यांवर आणखी महाग असू शकतं. दरपत्रक भिंतीवर असतं, तेवढं वाचा.

## ५. ऑर्डर: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

परमिट रूमची सवय म्हणजे बसलो की वेटर येणार, चकणा ठेवणार, बाकीचं तो बघणार. ती सवय विमानतळावरच ठेवा.

ब्रिटन. उठून बारपाशी जायचं. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला माहीत असतं, बारमागच्यालाही. नोट हलवायची नाही, चुटकी वाजवायची नाही. नजरानजर झाली की मान हलवा आणि थांबा. चुकून तुमच्या आधीच्या माणसाला सोडून तुम्हाला विचारलं तर 'आधी हे' म्हणून त्याच्याकडे बोट करा. एवढ्याने त्या बारवर तुमची पत तयार होते. तीन-चार जण असाल तर एकाने सगळ्यांचं आणायचं, पुढची फेरी दुसऱ्याची. प्रत्येकाने वेगळं पैसे देत बसणं बारवाल्याला वैताग देतं.

समोर उंच दांड्याचे हातपंप दिसतील. त्यातली 'कास्क एल' तळघरातल्या पिंपातून हाताने ओढली जाते: दांडा खाली येतो, ग्लासात आधी धुरकट, मग हळूहळू निवळत जाणारं पेय चढतं, वर पातळसा फेस. तिचं तापमान ११ ते १३ अंश. मुंबईच्या उकाड्यात बर्फगार बिअर प्यायलेल्या जिभेला ती कोमट वाटते आणि लोक 'थंड द्या' म्हणून परत करतात. ती तशीच असते. बर्फगार हवी असेल तर लागर मागा, हातपंपाकडे जाऊच नका. दांड्यावरचा बिल्ला पाठमोरा फिरवलेला असेल तर ती बिअर संपलीय. काय घ्यावं कळत नसेल तर चव मागा. घोटभर देतात. गर्दीच्या वेळी मात्र चवी मागत राहू नका. पूर्ण पाइंट ५६८ मिलीचा, अर्धा मागण्यात काहीही कमीपणा नाही, आणि तीन पब बघायचे असतील तर अर्धाच मागा.

व्हिस्कीवाल्यांनी लक्षात ठेवायचं: तिथला सिंगल पेग २५ किंवा ३५ मिलीचा. आपला साठचा लार्ज मनात धरून बसलात तर सिंगल मागितल्यावर पेय ग्लासाच्या तळालाच दिसेल.

डब्लिन. गिनेस ही काळी बिअर दोन टप्प्यांत भरतात. पाऊण भरलेला ग्लास बारवर ठेवून बारमन दुसरीकडे वळतो. तो तुमचाच असला तरी उचलायचा नाही. निवळला की तो वरचा भाग भरून स्वतः पुढे सरकवतो.

कलोन. इथली 'क्योल्श' बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते. निळा ॲप्रन लावलेला वेटर, त्याला 'क्योबेस' म्हणतात, रिकामा ग्लास दिसला की न विचारता नवा ठेवतो आणि तुमच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. बस करायचं असेल तर पुठ्ठा ग्लासावर झाकणासारखा ठेवायचा. हे माहीत नसल्यामुळे 'आम्ही मागितलीच नव्हती' म्हणून भांडणारे बरेच असतात. क्योबेस तिरकस बोलतो, तो तिथला रिवाज आहे. आणि पलीकडच्या, कलोनशी चुरस असलेल्या ड्युसलडॉर्फची आल्टबिअर इथे मागू नका.

प्राग. बसलात की पुठ्ठा समोर ठेवा, बिअर येते. टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतात आणि प्रत्येक ग्लासामागे तिच्यावर खूण करतात. ती चिठ्ठी म्हणजे तुमचं बिल. तिच्यावर हिशेब करू नका, ती भिजवू नका, हरवू तर नकाच. जुन्या ग्लासातली उरलेली बिअर नव्या ग्लासात ओतणं तिथे गावंढळपणा समजतात.

बेल्जियम. इथे चूक प्रमाणाची होते. वेस्टमाल ट्रिपल ९.५ टक्के, रोशफोर १० ही ११.३ टक्के. ३३० मिलीची बाटली लहान दिसते म्हणून दोन झटपट संपवणारा तिसऱ्या पबपर्यंत पोचत नाही. मेनूवर नावापुढचा टक्का आधी वाचा. गेन्टच्या 'डुले ग्रीट'मध्ये एका खास मोठ्या ग्लासासाठी अनामत म्हणून तुमचा एक बूट घेतात आणि टोपलीतून छताला चढवतात. त्या दिवशी मोजे फाटके नसावेत.

ॲमस्टरडॅम. 'विनांद फॉकिंक'सारख्या चवघरात येनेव्हरचा, म्हणजे जिनसारख्या डच दारूचा, छोटा ग्लास काठोकाठ भरतात. उचलायला गेलात की सांडणार. हात मागे घेऊन, वाकून, पहिला घोट तसाच घ्यायचा.

सान सेबास्तियन आणि व्हेनिस. बारवर मांडलेल्या पदार्थांनी मोठी बशी भरून एकाच ठिकाणी बसणं ही ठळक चूक. एका बारमध्ये एक-दोन पदार्थ, एक छोटा ग्लास, आणि पुढच्या बारकडे. गरम पदार्थ सहसा मांडलेले नसतात, फळ्यावर लिहिलेले असतात, ते सांगून करून घ्या. सान सेबास्तियनच्या 'बार नेस्तोर'चं तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, दिवसातून दोनदाच होतं आणि तुकड्यासाठी आधी जाऊन नाव द्यावं लागतं.

इशारा: फोटो काढण्याआधी विचारा. माद्रिदच्या 'ला वेनेन्सिया'त फक्त शेरी ही कडक स्पॅनिश वाइन मिळते, फोटोला मनाई आहे आणि टीपही घेत नाहीत.

## ६. शाकाहारी आणि न पिणारे

न पिणाऱ्यांनी बाहेर थांबायची गरज नाही. ब्रिटनमध्ये लाइम-सोडा मागा, जर्मनीत अल्कोहोलविरहित बिअर जवळपास सगळीकडे असते.

शाकाहाराचं मात्र बारकाईने बघावं लागतं. ब्रिटनची कास्क एल निवळण्यासाठी कित्येक ब्रुअरी अजून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. कडक शाकाहारी असाल तर 'ही व्हीगन आहे का' असं विचारा, बारवाल्याला हा प्रश्न नवा नाही. बेल्जियममध्ये बटाट्याच्या फ्राइज परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. जर्मनीतल्या बाम्बर्गची धुरी दिलेल्या माल्टची 'राउखबिअर' नाकाला थेट मांसासारखी वाटते, पण तिच्यात मांस नसतं.

चालण्याजोगं: प्रागमध्ये तेलात मुरवलेलं 'हर्मेलिन' चीज आणि तळलेलं चीज, बव्हेरियात प्रेत्सेलबरोबर 'ओबाट्स्दा' हे चीज आणि लोण्याचं मिश्रण, स्पेनमध्ये पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. ग्रनादात पेयाबरोबर तापा, म्हणजे छोटी खाण्याची बशी, फुकट येतो, पण तो बहुधा मांस-माशांचा. ऑर्डर देतानाच सांगून ठेवा.

## ७. पैसे देणं

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकियात जुन्या जागांसाठी रोख बाळगा. नेदरलँड्समध्ये उलट, अनेक ठिकाणी फक्त कार्ड. लंडनमध्येही रोख न घेणारे पब भेटतात.

कार्डाच्या मशीनवर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक चलनच निवडा. रुपयांचा दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

बक्षिसी (टीप): ब्रिटनमध्ये बारवर घेतलेल्या पेयाला ती देत नाहीत. जर्मनीत रक्कम वर गोल करून पैसे देतानाच आकडा सांगायचा, टेबलावर नाणी सोडून निघायचं नाही. टेबलावर नळाचं पाणी आपोआप येत नाही, आणि बाटलीचं पाणी बिअरइतकं महाग पडू शकतं.

तपासा: वयाचा पुरावा खिशात हवा. ब्रिटनमध्ये पंचविशीच्या आतले दिसलात तर बहुतेक ठिकाणी ओळखपत्र मागतात.

## ८. निघताना

पुढचा पब नकाशावरून नव्हे, या पबच्या बारमनकडून घ्या. दुसरा ग्लास संपवताना, गर्दी नसेल तेव्हा विचारा. तो सांगेल ती जागा तुमच्या चार खुणांत नसली तर खूण बदला.

ब्रिटनमध्ये घंटा वाजली की ती शेवटच्या ऑर्डरची. त्यानंतर पुन्हा वाजली की बार बंद, हातातला ग्लास संपवून निघायचं.

गाडी भाड्याने घेतली असेल तर ती त्या दिवशी हॉटेलवरच ठेवा. चेकिया आणि हंगेरीत चालकाच्या रक्तात मद्य शून्य लागतं, आणि स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. लंडनच्या ट्यूबमध्ये आणि बसमध्ये दारू पिण्याला २००८ पासून बंदी आहे. उघडा कॅन हातात घेऊन चढू नका. रात्रभर चालणारी ट्यूब फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, तीही काही मार्गांवरच असते, म्हणून परतीची शेवटची गाडी पबमध्ये शिरण्याआधीच बघून ठेवा.